माडांच्या शेंड्यावरचा डोंगर

या पाहुणे, आत या, बाकावर बसा. कोकमाचं सरबत येतंय, तोवर एक विचारतो. आत्ता तुमची होडी खडपाच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या, चिरेतून आत आली. दोन्ही अंगांना काळे दात हात लावता येतील इतक्या जवळून गेले असतील. कुणाच्या भरवशावर आलात? होडीवाल्याचं नाव तरी विचारलंत का? नाही ना. कुणीच विचारत नाही. आपण तांडेलावर भरवसा टाकतो, तांडेल किनाऱ्यावरच्या एखाद्या खुणेवर टाकतो, आणि ती खूण ज्याच्या ताब्यात आहे तो माणूस कसा आहे, हे विचारायचं सगळ्यांचंच राहून जातं.

या दारातून पश्चिमेला बघा. तो सपाट माळ, आणि मधोमध रंगीबेरंगी दगडांची रास. दीड पुरुष उंच असेल. तिला आम्ही 'डोंगर' म्हणतो. हसा, हसा, सगळेच हसतात. मुंढार बेटावर येणाऱ्यानं घरून एक दगड आणून त्या राशीवर ठेवावा आणि जाताना इथला खडासुद्धा नेऊ नये, असा रिवाज आहे. तुमच्यासारखी शिकलेली माणसं विचारतात, कुठल्या देवाचा हा नवस? देवाचा नाही. ऐका.

फार पूर्वी हे बेट म्हणजे एक अख्खं राज्य होतं, असं सांगतात. किती पूर्वी? कुणी तीनशे वर्षं म्हणतं, कुणी चारशे. वस्ती दीड हजाराची, पण निशाण स्वतःचं, जकात स्वतःची. गादीवर नाईक आणि त्याच्या भोवती सात घरांची पंचायत. पश्चिमेला खराखुरा डोंगर होता. वादळ आलं की ते त्याच्या पाठीवर आपटायचं, आणि अलीकडच्या पोटात भात पिकायचं, विहिरीला गोडं पाणी लागायचं. राज्य गरीब होतं, पण उपाशी नव्हतं.

मग परमुलखातली गलबतं येऊ लागली. भरून यायची, पलीकडच्या बंदरांत माल उतरवायची आणि रिकामी परत निघायची. रिकामं गलबत समुद्रात कलंडतं. त्याच्या पोटात वजन लागतं, त्याला नीरम म्हणतात. एका नाखुदानं, म्हणजे गलबताच्या कप्तानानं, आमच्या शेतांच्या बांधांवर पडलेले दगड पाहिले आणि विचारलं, "हे विकता का?" म्हणे सगळी पंचायत पोट धरधरून हसली. दगड विकत घेणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. चाळीस वर्षं या दुकानात काथ्या आणि सुकी मासळी विकतोय, म्हणून सांगतो. गिऱ्हाइकाला हसणाऱ्या दुकानदारानं हसून झाल्यावर आपल्या मालाकडे एकदा नीट बघावं. त्यांनी बघितलं नाही.

आधी बांधावरचे दगड गेले. शेतं मोकळी झाली, लोक खूश. मग डोंगराला सुरुंग लागले. पण तेव्हाचा नाईक शहाणा होता. त्यानं एक कायदा घातला. धक्क्यावर एका ठरलेल्या जागी उभं राहायचं. समोर माडांची राई, तिच्यामागे डोंगर. माडांच्या शेंड्यांवर डोंगर दिसतो आहे, तोवर दगड विकावा. दिसेनासा झाला की विक्री कायमची बंद. दर पौर्णिमेला बघायचं आणि मोठ्यानं सांगायचं. हे काम एका घराकडे दिलं, तेही घरातल्या बाईकडे. विक्रीचा वाटा पुरुषांच्या हातात पडायचा, म्हणून डोळा बाईचा हवा, असा त्याचा हिशोब होता. हिशोब चुकीचा नव्हता.

दोन पिढ्या सुखाच्या गेल्या. देवळाला तांब्याचं छत आलं. राज्यानं नाणं पाडलं, त्यावर डोंगराचं चित्र. हळूहळू भातशेती सुटली. चिखलात कोण उतरणार? तांदूळ गलबतांवरूनच यायचा, दगडाच्या बदल्यात. अकरा होड्या तेवढ्या मासेमारीला जायच्या.

तिसऱ्या पिढीत ते बघण्याचं काम गोजाईकडे आलं. वय असेल सव्वीस-सत्तावीस. नवरा सावळा, अकरा होड्यांतला पुढचा तांडेल. तो आपली होडी या चिरेतून आणायचा, आणि त्याच्या मागोमाग बाकीचे दहाजण. एका चैत्री पौर्णिमेला गोजाई धक्क्यावर उभी राहिली, आणि तिला नुसते माड दिसले.

नाईकानं विचारलं, "दिसतो का?"

ती म्हणाली, "नाही."

तेव्हा बंदरात गलबत उभं होतं. पोटात सहा महिन्यांचा तांदूळ होता. नाखुदा मोठा अदबशीर माणूस. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. "दगड नाही तर नाही, नाईक. तांदूळ दुसरीकडे नेतो." कोठारात वीस दिवसांचा दाणा. पंचायत पाच दिवस बसली. शेतं पुन्हा नांगरावीत म्हणावं, तर औजारं गंजलेली, बैल विकलेले, आणि पिकायला पाच महिने.

पाचव्या दिवशी बाळशेट नावाचा एक पंच उठला. म्हणाला, "डोंगर खाली गेला असं कायद्यात कुठं आहे? माड वर गेले असतील. साठ वर्षांचे माड आहेत. वाढणारच."

सगळे हसले. मग हळूहळू हसायचं थांबले. कारण माड खरोखरच वाढले होते, त्यात खोटं काही नव्हतं. सहाव्या दिवशी समोरच्या रांगेतले त्रेसष्ट माड तोडले. त्यांच्या जागी गुडघाभर रोपं लावली, आणि पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबावं म्हणून नाखुदाच्या पाया पडले. तो थांबला. थांबायचे पैसे त्यानं वेगळे लावले.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी सावळा जाळं विणत ओट्यावर बसला होता.

"उद्या नाही म्हण गो," तो म्हणाला.

"का? दिसला तर?"

"तुला दिसेल. तुझ्यापुढचे माड काढलेत ना. मला समुद्रातून माड दिसतात होय? चीर धरायला मला डोंगराचा खांदा लागतो. पूर्वी निम्म्या वाटेवर असताना दिसायचा, आता खडपाला नाक लागल्यावर दिसतो."

"अवो, पण डोळ्यांना दिसतंय ते नाही कसं म्हणू?"

"मग डोळे मीट. नवऱ्याकडे बघताना मिटतेस तसे."

ती हसली. तेवढ्यात नाईक स्वतः दारात आला. वाईट माणूस नव्हता, असंच सगळे सांगतात. पागोटं काढून हातात धरलं होतं. म्हणाला, "गोजाय, तुला खोटं बोल असं मी म्हणणार नाही. माझ्याही घरात सकाळपासून पेजच आहे. उद्या दिसेल तेच सांग. तेवढंच सांग." सावळा पुन्हा जाळं विणू लागला. आत त्यांची मुलगी दुसऱ्यांदा भात मागत होती, आणि मडक्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी गोजाईनं धक्क्यावरून पाहिलं. रोपांच्या वर डोंगर स्वच्छ दिसत होता. ती म्हणाली, "दिसतो." तांदूळ उतरला. बेटभर चुली पेटल्या.

ती खोटं बोलली नव्हती. मी माझ्या धंद्यात लबाड माणसं पुष्कळ पाहिली, त्यांचं काही वाटत नाही, त्यांना ओळखता येतं. सबंध गाव एकत्र बसून खरं बोलायला लागतं, तेव्हा काय करावं हे मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या चार वर्षांत आणखी दोन रांगा तोडल्या. दर वेळी डोंगर दिसला, दर वेळी गोजाई खरं बोलली. सावळा घरी आला की एवढंच सांगायचा, "आज आणखी जवळ आल्यावर दिसला." नंतर नंतर तेही सांगेनासा झाला.

चौथ्या वर्षी दिवाळी तोंडावर असताना भरदुपारी आभाळ काळं झालं. अकराही होड्या बाहेर होत्या. बायका कापलेल्या डोंगरावर धावल्या, हाती लागलं ते पेटवलं, पण जागा इतकी खाली उतरली होती की लाटांचा फवारा धुराच्या वर जात होता. सावळा पुढे होता. त्यानं खांदा शोधला. म्हणे त्याची हाक किनाऱ्यावर ऐकू आली. मागच्या होड्यांना तो ओरडून विचारत होता, "कुणाला दिसतो का रे? कुणाला दिसतो का?" शब्दन् शब्द ऐकू येत होता, इतके ते जवळ होते. गोजाई ओरडून उत्तर देत होती, पण वारा तिच्याकडे येणारा होता. मग एकामागून एक, ज्या क्रमानं रोज आत यायच्या त्याच क्रमानं, अकराही होड्या खडपावर गेल्या. अडतीस माणसं.

त्यानंतरच्या पौर्णिमेलाही गलबत होतंच. भरायचे दगड धक्क्यावर रचून ठेवले होते. नाईकानं मान खाली घालून विचारलं, "गोजाय, दिसतो का?"

"नाही."

बाळशेट म्हणाला, "अगं, तो काय समोर आहे. आंधळी झालीस का?"

"तुम्हाला दिसत असेल, शेट. ज्याला दिसायला हवा होता त्याला दिसला नाही. आता मला कधी दिसायचा नाही."

असं म्हणून तिनं त्या थराचा वरचा एक दगड उचलला, डोक्यावर घेतला आणि डोंगराकडे चालू लागली. जिथून खांदा कापला होता तिथं नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसरा. तिला कुणी अडवलं नाही, आणि कुणी हातही लावला नाही. ती रोज एक दगड परत न्यायची, गलबतं रोज शंभर खंडी उचलायची. पंचायतीनं ठरवलं की बाईला दुःखानं भ्रम झाला आहे, तेव्हा तिचं 'नाही' धरू नये. बाळशेटची सून त्या जागी उभी राहू लागली. तिला दिसायचा.

बारा वर्षं गोजाईनं दगड वाहिले, म्हणतात. रास तिच्या छातीपर्यंत आली, आणि एका धुक्याच्या सकाळी तिनं त्या राशीवरच प्राण सोडला. त्या दिवशी चमत्कार झाला, असं सांगतात. खडपाबाहेर एक जहाज वाट चुकून भरकटत होतं. त्यावरच्या माणसांना धुक्यात एक बाई दिसली, डोंगराएवढी उंच, खांद्याच्या जागी उभी. तिच्या अंगावर रोख धरून ते चिरेतून सुखरूप आत आलं. आमच्याकडे ही गोष्ट सांगताना लोक इथं हात जोडतात. मीही जोडतो. पण ते जहाज कुणाचं होतं तेही सांगतो. त्याच नाखुदाचं. दुपारपर्यंत त्यानं दगड भरला.

पुढचं थोडक्यात. डोंगर संपला. पश्चिमेचा वारा मोकळा सुटला, विहिरी खारट झाल्या, उरलेले माड वरून जळत खाली आले. नीरमाला दगडच नाही म्हटल्यावर गलबतं थांबायची बंद झाली. शेवटच्या नाईकानं राज्य पलीकडच्या संस्थानिकाला लिहून दिलं. मोबदला दोन हजार खंडी तांदूळ. त्यातला बाराशे पोहोचला. डोंगराचं चित्र असलेली नाणी वितळवून देवळाची घंटा केली. वाजते, पण आवाज बसका आहे.

रिवाज सुरू झाला तो नंतर, लाजेपोटी. मी एकदा कागद घेऊन बसलो होतो. वर्षाला अडीच हजार पाहुणे, माणशी एक दगड, तर डोंगर पुन्हा उभा राहायला तेहतीस हजार वर्षं लागतात. तेही दगड खरे असले तर. तीन वर्षांपूर्वी कळलं की पलीकडच्या जेटीवर एकजण पाहुण्यांना वीस रुपयांना दगड विकतो. मी जाऊन एक विकत घेतला. आमचाच होता. राशीवरून पोत्यानं नेत होते, आमचेच लोक.

आजही दर पौर्णिमेला गोजाईच्या घराण्यातली एक बाई धक्क्यावर उभी राहते. सरपंच विचारतात, "दिसतो का?" ती म्हणते, "नाही." नारळ फुटतो, खोबरं वाटतात, फोटो निघतात. आणि त्याच दुपारी मागच्या किनाऱ्यावर वाळूचं बार्ज लागतं. ग्रामसभेनं ठराव केलाय, भरतीची रेघ दिसते आहे तोवर वाळू काढावी. ती रेघ वर्षाला किती आत येते, ते या दुकानाच्या पायरीवरून मोजता येतं. मी सभेत बोललो. म्हणाले, "शेट, तुमचं दुकान रिपेअर करायला पैसे कुठून आले?" खरं होतं. वाळूचेच होते.

सरबत प्या. आणि जाण्याआधी ही वही. प्रत्येक पाहुण्याचा दगड इथं मांडतो: कुठून आणला, केवढा, ठेवला की नाही. लोक पेवंदी बोराएवढा खडा आणतात आणि भोपळ्याएवढा लिहितात. तुम्ही तसं करू नका. खडा असेल तर खडा लिहा. जेटीवर घेतला असेल तर जेटीवरचा म्हणून लिहा. आणि आणलाच नसेल, तर तुमच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहा, एवढी विनंती आहे.