सरकत्या खोलीचं छप्पर

चाकांवरची घरं नवी होती त्या काळची गोष्ट. अशाच एका घराला खणासारखी बाहेर सरकणारी खोली होती. आंब्याखाली मुक्काम पडला तेव्हा ताडपत्रीनं विचारलं, “बाई, तुझ्यावर पसरू का? झाडाचा कचरा पडेल.”

“मला माझं छप्पर आहे,” खोली फणकारली. “पडला तर बाहेरच पडेल ना.”

चार दिवसांनी निघताना मालकीण गोदूताईंनी खोली आत ओढली. तिच्याबरोबर तिचं छप्परही घरात आलं, आणि त्यावरचा पालापाचोळा, तांबड्या मुंग्यांच्या घरट्यासकट, थेट मळलेल्या कणकेत कोसळला.

खोली पार हादरली. “हे घरात कुणी आणलं?”

“तूच,” कोपऱ्यातली ताडपत्री घडी न मोडता म्हणाली.