सोनवतीचे दोन पूल

सोनवती नदीकाठच्या जुन्या सरकारी विद्यापीठाला शंभर वर्षं झाली, तेव्हा समारंभाला शिक्षणमंत्री मानसिंगराव आले. माणूस मोठ्या दराऱ्याचा. तिथला नदी-संशोधन विभाग बंद करायचा, असं ते मनाशी ठरवूनच आले होते.

भर सभेत त्यांनी कुलगुरू हेमलता रांगणेकरांना विचारलं, "बाई, तुमच्या नदी विभागातल्या नामवंत गुरूंनी सोनवतीच्या पुराची पातळी सांगितली. पुढे त्यांच्याच शिष्यानं ती चुकीची ठरवली. जे विद्यापीठ स्वतःलाच खोटं पाडतं, त्याचा अभिमान कसला बाळगता?"

सभेत हशा पिकला. विभागातल्या संशोधकांच्या माना खाली गेल्या.

हेमलताबाई शांतपणे उठल्या. "साहेब, गुरूंच्या गणितावर बांधलेला जुना पूल कालपासून पाण्याखाली आहे. शिष्यानं चूक दाखवली, तेव्हा गुरूंनीच ती पडताळून पाहिली आणि स्वतः सरकारदरबारी जाऊन नवा, उंच पूल मागितला. आज आपण कोणत्या पुलावरून आलात?"

मंत्री पुटपुटले, "नव्या."

"चुका सगळीकडेच होतात, साहेब. इथं त्या शोधणाऱ्याचा सत्कार होतो. आम्हाला अभिमान आहे तो त्याचा."

आता टाळ्या थांबेनात. मानसिंगराव हट्टी असले तरी दिलदार होते. तेही खळखळून हसले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, विभाग चालू राहील. फक्त मी घरी पोचेपर्यंत त्या शिष्याचं गणित कुणी खोटं पाडू नका!"