शेवटचा धक्का

मिरजेतल्या सोसायटीच्या सभेत नवे चेअरमन निंबाळकर कडाडले, "खांबेटे, धक्का दिल्याशिवाय तुमची गाडी हलत नाही. उद्याच्या उद्या भंगारात गेली पाहिजे!"

खांबेटेअण्णांच्या गाडीचं वय झालं होतं. रेडिएटर उकळायचा, बॅटरी उतरायची. पण बिल्डिंगमधल्या सगळ्या लेकीसुना बाळंतपणाला याच छोट्या गाडीतून दवाखान्यात गेल्या होत्या, आणि दर वेळी अख्ख्या बिल्डिंगने तिला ढकललं होतं.

"जाऊ दे भंगारात," अण्णा म्हणाले. "ज्यांनी आजवर धक्का दिला, त्यांनीच उद्या शेवटचा द्यावा."

शेवटचा धक्का द्यायला कोणीच तयार होईना. देसाईवहिनी पुटपुटल्या, "माझी लेक हिच्यातूनच सासरी गेली."

अण्णा चेअरमनांकडे वळले. "मग साहेब, मी स्टिअरिंगवर बसतो. तुम्ही एकटेच ढकला!"