शिंपिणीच्या चोचीतली अळी

नदीकाठच्या एका गावात एक शिंपी राहत होता. सगळे त्याला दामूअण्णा म्हणत. गावातल्या निम्म्या नवरदेवांचे कोट त्याच्या हातचे. पण उतारवयात अण्णांना काचबिंदू झाला. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग सुईच दिसेना. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली जपू या, पण तीही हळूहळू जाईल."

शिलाईमशीन बंद झालं. अण्णा दिवसभर परसात खाटेवर बसून राहत. पाखरांचा त्यांना लहानपणापासून नाद. पण आता समोर बुलबुल येऊन बसला, तरी त्यांना फांदी हलल्याचं तेवढं कळे.

बायकोला, सगुणाबाईंना, हे बघवेना. भाच्याकडे एक जुना कॅमेरा पडून होता, तो त्यांनी मागून आणला. चौकात रमाकांतचा फोटो स्टुडिओ होता. तिथे जाऊन त्या शिकू लागल्या. सुरुवातीला त्यांच्या फोटोंत नुसती रिकामी फांदी यायची, पाखरू केव्हाच उडालेलं. पण बाई चिकाटीची. कोणतं पाखरू कुठे टेकतं, पेरूच्या झाडावर ऊन कुठून येतं, हे त्या ध्यानात ठेवू लागल्या. तासन् तास हलायचं नाही, डास चावला तरी हात उचलायचा नाही.

मग मिळालेला फोटो घरच्या कॉम्प्युटरवर मोठा करायचा आणि थोडा शार्प करायचा. एकमेकांत मिसळलेली पिसं सुटी दिसू लागत. जास्त केलं, की पाखराभोवती चुन्याने आखल्यासारखी पांढरी रेघ उमटे. मग सगुणाबाई ती धार जरा कमी करत. अण्णा पडद्याला नाक लावून बघत आणि हरखून जात.

"अगं, बुलबुलाच्या छातीवर खवल्यांसारखी नक्षी आहे! इतकी वर्षं बघतोय, आज नीट दिसली."

त्या वर्षी परसातल्या बदामाच्या रोपावर शिंपी पक्ष्याच्या जोडीने दोन पानं शिवून घरटं केलं. पिल्लंही झाली. अण्णा लहान मुलासारखे हट्टाला पेटले. "माझ्या धंद्यातलं पाखरू ते! पिल्लांना भरवताना एकदा दाखव मला. लवकर दाखव गं, डावा डोळा आता नुसतं धुकं दाखवतो."

पण घरट्यासमोर एक रुंद पान आडवं आलेलं. सगुणाबाईंनी किती फोटो काढले, सगळे धुरकट.

रमाकांत म्हणाला, "मावशी, ते पान तोडून टाका की!"

"पिल्लं पळवायला भारद्वाज रोज कुंपणावर टपून बसतो रे. ते पान म्हणजे त्यांच्या घराचं दार. दार कसं तोडू?"

"मग एक फोटो माझ्याकडे द्या. नवा प्रोग्राम आलाय."

त्याने बटण दाबलं आणि सगुणाबाई बघतच राहिल्या. पीस न् पीस वेगळं, डोळा चमकणारा, हिरवी पाठ तुकतुकीत. इतका देखणा फोटो त्यांनी कधी पाहिला नव्हता. मग त्यांची नजर चोचीवर गेली.

"रमाकांत, ही काडी कुठून आली? चोचीत अळी होती. हिरवी, वळवळणारी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

"प्रोग्रामला काय माहीत, मावशी? धुरकट होतं तिथे त्याने अंदाजाने भरलं. अण्णांना थोडंच कळणार आहे!"

हे शेवटचं वाक्य बाईंच्या काळजात रुतलं. दोन्ही फोटो घेऊन त्या घरी आल्या. अण्णा दारातच उभे होते.

"आला का फोटो?"

सगुणाबाईंच्या मनात आलं, काडी काय नि अळी काय, माणूस सुखावेल ना? त्यांनी देखणा फोटो उघडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. अण्णांना आता काही पडताळून बघता येणार नव्हतं. आपण दाखवू तेच ते खरं मानणार. मग खोटं दाखवायचं कसं?

त्यांनी धुरकट फोटो लावला. "अहो, माझ्याकडून एवढाच स्पष्ट झाला. रमाकांतने लखलखीत करून दिलाय, पण त्यात पाहिलेलं थोडं आणि कल्पनेचं जास्त आहे. तो मी दाखवणार नाही."

अण्णा बराच वेळ पडद्याशी वाकून राहिले. तोंड उतरलं त्यांचं. शेवटी म्हणाले, "मला तर नुसता हिरवा डाग दिसतोय. तू सांग. चोचीत काय होतं?"

बाईंनी सारं सांगितलं. अळी कशी वळवळत होती, पिल्लांच्या चोची कशा आ वासून वर आल्या होत्या. अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून सगुणाबाई पहाटेच परसात जाऊन बसू लागल्या. आणि एका सकाळी एक पिल्लू घरट्यातून बाहेर आलं, धडपडत उडालं आणि कपड्यांच्या दोरीवर जाऊन बसलं. कोवळ्या उन्हात, अगदी उघड्यावर! मागोमाग आई आली आणि तिने पिल्लाला भरवलं. बाईंनी श्वास रोखला आणि फोटो काढला. तो फारसा शार्प करावाच लागला नाही.

अण्णांनी तो उरलेल्या नजरेने पोटभर पाहिला. मग बायकोचा हात धरून ठेवला.

सगळी पिल्लं उडून गेल्यावर बाईंनी रिकामं घरटं काढून त्यांच्या हातात दिलं. अण्णांची बोटं पानाच्या कडेवरून फिरली. "गाठ नाही मारत गं हा! कापूस फुलवून भोकात अडकवतो. वा रे कारागीर!"

पुढे अण्णांची नजर पूर्ण गेली. तरी ते रोज परसात बसत आणि सगुणाबाई शेजारी.

"अहो, हळद्या आलाय."

"पिवळाधमक?"

"नाही. पाठ हिरवट आहे, मादी असावी. पान आड आलंय, डोळा मला दिसत नाही."

"असू दे," अण्णा हसून म्हणत, "मला दिसली."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: जो दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग बघतो, त्याला आपण पाहिलं तेवढंच दाखवावं; खऱ्यावर धार चढवता येते, खोट्यावर नुसती चकाकी चढते.