शेवटच्या भागाचा चहा

या गोष्टीसारखी गोष्ट अख्ख्या मिरजेत सापडायची नाही. शोधायला कुणी गेलंच नाही, ते सोडा.

वासंतीकाकूंचा जीव एका जुन्या मालिकेच्या शेवटच्या भागात अडकला होता. रावबहादुराचा खून कुणी केला, हे त्यांना चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. त्या काळी गल्लीतला एकुलता एक टीव्ही त्यांच्याच घरी; सगळी गल्ली बाहेरच्या खोलीत मालिका बघायची आणि काकू आत चहा गाळायच्या. पुढे कुणी खुनी कोण ते सांगू लागलं, की कानांवर हात ठेवायच्या. बघेन तर माझ्या डोळ्यांनी, म्हणायच्या.

यंदा मालिका पुन्हा लागली. शेवटच्या भागाला शेजारीही जमले. पण काकूंचे यजमान दाजीसाहेब, निवृत्त हेडमास्तर, टीव्हीपेक्षा मोठ्यानं चालू.

"आता मुनीम दार उघडणार. बघा, उघडलं. अभिनय कच्चा आहे त्याचा, मी तेव्हाच म्हटलं होतं."

"अहो, जरा ऐकू द्या की," काकू वैतागल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं? मला अख्खी मालिका तोंडपाठ आहे. डोळे मिटून सांगेन."

एवढ्यात इन्स्पेक्टरनं सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात बोलावलं. दाजीसाहेब सरसावून बसले.

"हं, आता खरी गंमत. चहा टाक बघू सगळ्यांना."

शेजाऱ्यांनी माना खाली घातल्या. काकूंनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"तुम्हाला तोंडपाठ आहे, म्हणजे आत गेलात तरी तुमचं काही बुडत नाही. मला ठाऊक नाही, तेव्हा मी बसते. आलं खिडकीत आहे. आणि खुनी कोण ते तिथून ओरडू नका, दुधाकडे बघा."