चौथी झोपडी

एका गावाच्या वेशीबाहेर सावळा नावाचा घिसाडी, फिरत्या जमातीतला लोहार, भाऊबंदांसह राहत होता. चार झोपड्या, एक भाता, एक ऐरण. बारा वर्षांत गावातल्या निम्म्या दारांच्या कड्या त्याने घडवल्या होत्या. पण गावात त्याला कुणी भाड्याने खोली दिली नाही. “घिसाड्याला कशाला हवं घर?” असं म्हणून लोक हसायचे. सावळाला हसू येत नसे. पाटलाचा माणूस लांबून दिसला तरी तो भाता थांबवून झोपड्यांकडे बघायचा, आज उठवायला तर आला नाही ना म्हणून.

एका सकाळी पाच गावकरी कुऱ्हाडी घेऊन आले. दुपारच्या आत धार लावून हवी होती. सावळाचा एक नेम होता. घाव कशावर घालायचा ते विचारल्याशिवाय तो पातं भट्टीत घालत नसे. तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करायचं, म्हणजे त्याला पाणी द्यायचं; ओल्या लाकडासाठी ते वेगळं, वाळक्यासाठी वेगळं.

“काय तोडायचं हाय?” त्याने विचारलं.

“बाभूळ,” पहिला म्हणाला. दुसऱ्याने मान फिरवून तेच सांगितलं. तिसऱ्याचीही बाभूळ, चौथ्याचीही. अशा कुठल्या एवढ्या बाभळी वाढल्या होत्या देव जाणे! पाचवा येसू खोमणे. त्याला खोटं बोलणं जमेना.

“तुझं घर, सावळा,” तो म्हणाला. “पाटलानं आजच जागा मोकळी कराय सांगितलीया.”

सावळाची बायको गेना घण मारत होती; तिने घण खाली ठेवला. चौथ्या झोपडीत त्यांची सून आठ दिवसांची बाळंतीण होती. गेना नवऱ्याच्या कानाशी लागली. “पानी कच्चं ठिवा. पयल्या घावालाच पाती उडू द्या.”

सावळाने भाता ओढला. “आन् उडालेलं पातं कुनाच्या डोळ्यात गेलं तर?” म्हणत त्याने पाचही पात्यांना चोख पाणी दिलं.

दुपारी पाटील त्या पाच जणांना घेऊन आला. बघता बघता तीन झोपड्या आडव्या झाल्या. बायका पोरांना पोटाशी धरून उभ्या होत्या. येसूही घाव घालत होता. चौथ्या झोपडीत बाळ रडलं, तेव्हा त्याने कुऱ्हाड टाकली आणि दारात आडवा उभा राहिला. ते पाहून बाकीचे चौघेही जागचे हलेनात.

“बरं,” पाटील शांतपणे म्हणाला. “उद्या तुझं घर बघतो, येसू.” आणि तो निघून गेला.

त्या संध्याकाळी येसूने भरलेलं ताट तसंच सरकवलं. बाहेर पाऊल वाजलं की तो उठून दाराची कडी बघे. सावळाने ही भीती बारा वर्षं रोज गिळली होती, हे त्याला आता कळलं. वेशीबाहेर तेरा माणसं एका छपराखाली दाटीवाटीने बसली होती.

“सकाळीच नाही म्हटलं असतं,” येसू आपल्या बायकोला म्हणाला, “तर चारी ऱ्हायल्या असत्या गं.”

तात्पर्य: कुणाचं घर पाडायला बोलावणं आलं, तर पहिल्या घावाआधीच नाही म्हणावं. भीती तेव्हाही वाटते आणि नंतरही. पण उशिरा म्हटलेल्या नाहीने पडलेली घरं उभी राहत नाहीत.