तोंडाजवळचा माइक

एक होती पियानो वाजवणारी, आणि एक होते तिचे म्हातारे सर. ती केतकी सबनीस, वय एकतीस, राहणार ठाणे. सर म्हणजे पास्कल लोपीस, वय एक्क्याऐंशी, राहणार वसई. गोष्ट घडली अंधेरीत, फरश्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला असलेल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत. गुरू आणि शिष्य म्हटलं की आपल्याला लगेच नदीकाठ दिसतो, झाड दिसतं, हरणंबिरणं दिसतात. इथे तसलं काही नाही. इथे साधा एसीसुद्धा चालू नाही, कारण त्याची घरघर माइकात येते.

केतकी जॅझ वाजवते. म्हणजे काय, तर आधी एखादी चाल सरळ वाजवायची, मग ती मोडायची, वाकवायची, आणि बसल्या जागी तिच्यातून नवीन काहीतरी काढायचं. दर रविवारी ठाण्याहून वसईला जाऊन चौदा वर्षं ती हे शिकली. आणि आता तिचा पहिला अल्बम होत होता. सोबतीला तबला नाही, गिटार नाही, एकटा पियानो. एकूण नऊ तुकडे. त्यातले पाच तिने स्वतः रचलेले. उरलेली चार दुसऱ्यांची गाणी, आणि तीही अगदी पॉप. शाळेत असताना रिक्षात, गॅदरिंगमध्ये, शेजारच्यांच्या टेपवर वाजायची ना, ती. स्टुडिओ तीन दिवस मिळाला होता. सरांना तिने मुद्दाम बोलावलं होतं, कोपऱ्यात बसून नुसतं ऐका म्हणून.

पहिल्या दिवशी दुपारी ओळखीचा एक गिटारवाला डोकावून गेला. त्याने पियानोवर ठेवलेली यादी वाचली आणि हसत म्हणाला, "अर्धा अल्बम तर लोकांच्याच गाण्यांचा आहे. लग्नाची ऑर्डर मिळाली का गं?" तो चहा पिऊन निघून गेला, पण ते वाक्य काही गेलं नाही. दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं बसून राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आवरता आवरता, केतकीने जाहीर केलं की चारही पॉप गाणी ती काढून टाकणार. त्यांच्या जागी घरी वहीत पडलेल्या तिच्याच चार रचना उद्या वाजवणार.

काचेपलीकडे बसणारा, रेकॉर्डिंग बघणारा अनीस मुजावर मिरजेचा. तो म्हणाला, "ताई, त्यातली दोन तर झाल्यात की. आणि चांगली झाल्यात. कशाला मोडताय?"

"ती माझी नाहीत, अनीस."

कोपऱ्यातून सरांनी विचारलं, "मग तुझी कुठली गो बाय?"

"ज्यांच्याखाली माझं नाव असेल ती."

"असं होय," सर म्हणाले.

त्यांनी वाद घातला असता तर कदाचित बरं झालं असतं. ते गप्प बसले आणि केतकी, दोन दिवसांची दमलेली, बोलून गेली. "सर, राग मानू नका. तुम्ही चाळीस वर्षं हॉटेलात बसून लोकांच्या जेवणाच्या वेळी दुसऱ्यांचीच गाणी वाजवलीत. आज तुमच्या नावाचं एकही गाणं मागे नाही. मला तसं व्हायचं नाहीये."

अनीसने उगाच एक वायर गुंडाळायला घेतली. सर उठले, खुर्चीला टेकवलेली काठी घेतली, आणि दारापाशी जाऊन त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या दहालाच ना?"

ठाण्यापर्यंत रिक्षात केतकी स्वतःचंच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत गेली. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता आणि एकही बोलण्यासारखा नव्हता. माफी मागायची तर नक्की कशाची मागायची, तेही तिला कळेना.

तिसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा सर आधीच येऊन बसले होते आणि अनीस एक जादा माइक लावत होता. पियानोच्या तारांवर चार माइक होतेच. हा पाचवा तारांकडे नव्हता. तो वाजवणाऱ्याच्या तोंडासमोर, हनुवटीच्या उंचीवर होता.

"हे काय? मी गाणार नाहीये."

"माहीत आहे," सर म्हणाले. "असू दे. मी सांगतो ती चार वाजव. जशी वाजवतेस तशीच."

"सर, आज शेवटचा दिवस आहे."

"म्हणून तर म्हणतो."

कालच्या बोलण्यानंतर नाही म्हणायला तिच्याकडे तोंडच नव्हतं. ती बसली. सरांनी निवडलेली चार अशी होती. एक पॉप गाणं, अगदी सरळ चालीचं. मग 'अकरा', म्हणजे अल्बमला जिचं नाव दिलं होतं ती तिची स्वतःची रचना, अकरा मात्रांची, दोन वर्षं घासलेली, भल्याभल्यांनी मान डोलवलेली. मग अजून एक पॉप गाणं, जे तिने इतकं फिरवून, उलटंपालटं करून ठेवलं होतं की मूळ गाणं शोधावं लागावं. आणि शेवटी तिचाच एक दोन मिनिटांचा तुकडा. वडील दवाखान्यात होते तेव्हा सुचलेला, साधासुधा. त्याला धड नावही दिलं नव्हतं. यादीत तो केवळ जागा भरायला होता.

चारही वाजवून झाल्यावर सरांनी तिला काचेपलीकडे बोलावलं आणि अनीसला म्हणाले, "पियानोचे चारही माइक बंद कर. फक्त तोंडाजवळचा लाव."

स्पीकरमधून आधी खरखर आली. मग पियानो, पण लांबून, भिंतीपलीकडे कुणी वाजवत असल्यासारखा. आणि त्याच्या पुढे, अगदी जवळ, एक आवाज. केतकीचा. बारीक, जरासा बेसूर, पॉप गाण्याची चाल गुणगुणणारा. मध्येच एखादा शब्द. मध्येच श्वास. एका ठिकाणी ती चक्क हसली होती. आपण वाजवताना असं काही करतो याचा तिला पत्ताच नव्हता. लाजून ती जमिनीकडे बघत राहिली.

मग 'अकरा' सुरू झालं.

"एक दोन तीन चार, एक दोन तीन चार, एक दोन तीन. एक दोन तीन चार..." कुजबुज. सहा मिनिटं नुसती कुजबुज. पुढच्या अवघड भागात आकड्यांच्या जागी दुसरंच काही आलं. "आता, आता. चुकू नको. चुकू नको."

केतकीचा चेहरा उतरला. अनीस समोरच्या बटणांकडे बघत होता, कारण दुसरीकडे कुठे बघावं हे त्याला सुचत नव्हतं.

तिसरं, ते फिरवलेलं पॉप गाणं. त्यातही आकडे. दात चावून म्हटलेले आकडे.

चौथा, दवाखान्यातला तुकडा. पहिल्या सुरापासून ती गात होती. शब्द नव्हते, फक्त हं हं, जसं कुणाच्या उशाशी बसून हळू म्हणावं तसं. दोन मिनिटं झाली, तुकडा संपला. तरी ते गुणगुणणं पियानोनंतरही दोन क्षण चालूच राहिलं होतं.

मग सर बोलले. मोठं भाषण नाही, पाणी पीत पीत, थांबत थांबत.

"काल तू बोललीस ते खोटं नव्हतं बाय. माझ्या नावाचं गाणं नाही. पण तू कुंपण भलत्याच जागी घातलंस. इकडे माझी, तिकडे लोकांची. आता ऐकलंस ना? तुझं एक तिकडे गेलं, लोकांचं एक इकडे आलं. हातांचं काय, टांग्याच्या घोड्याला रस्ता पाठ असतो, मालक झोपला तरी तो घरी जातो. हातांवरून तुला काही कळणार नाही. तोंडाला मात्र आपलं कुणी ऐकतंय हेच माहीत नसतं. जिथे आपण असतो तिथे ते गातं. जिथे आपल्याला फक्त निभावून न्यायचं असतं, तिथे ते मोजतं."

त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"मीपण मोजलंय. पुष्कळ वर्षं. माझी बायको गेली ना, त्या वर्षी रोज मोजायचो, घरी जायला किती गाणी उरली ते. सूर सगळे बरोबर. एक चूक नाही. मॅनेजर खूश."

केतकीने हळूच विचारलं, "मग 'अकरा' काढून टाकू?"

"मी असं कुठे म्हटलं? मोजणं काय पाप आहे? शिकताना सगळेच मोजतात. मोजून झालं की गाणं सुरू व्हायला पाहिजे, ते अजून झालेलं नाही. पियानो सोड. बाहेर जा आणि गळ्याने म्हणून बघ. जे म्हणता येणार नाही, ते तू कुणासाठी ठेवलंयस, तेवढं विचार स्वतःला."

जिन्यात फरश्यांची पांढरी धूळ होती. केतकी पायरीवर बसली आणि 'अकरा' म्हणायला लागली. पहिला भाग आला. दुसरा अडखळत आला, मग नीट आला, चार-पाच वेळा म्हटल्यावर तर पाय आपोआप हलायला लागला. तिसरा, तो अवघड, येईचना. दम पुरत नव्हता, चाल हाती लागत नव्हती. आणि तो कुणासाठी ठेवलाय हे तिला जवळजवळ लगेच कळलं. गिटारवाल्यासाठी. आणि त्याच्यासारख्या दहा-बारा जणांसाठी, ज्यांनी मान डोलवावी म्हणून तिने दोन वर्षं घासलं होतं. जिन्यावरून पेटी नेणाऱ्या माणसाने तिला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं.

ती अनीसच्या खोलीत परत आली तेव्हा काचेपलीकडे सर पियानोवर बसले होते. नुसता हात फिरवत होते, हॉटेलातल्या दिवसांची आठवण म्हणून काहीतरी जुनं, परदेशी, संथ. ते कुणी रचलंय हे त्या इमारतीत कुणालाही सांगता आलं नसतं. अनीसने कानावरचे हेडफोन काढून तिच्या हातात दिले.

पाचवा माइक अजून चालूच होता.

सर गात होते. हळू, घोगऱ्या आवाजात, आणि वसईच्या आपल्या बोलीत. त्या परदेशी चालीवर त्यांनी स्वतःचे शब्द बसवलेले होते. केळीच्या बागेचं काहीतरी होतं, पाटाच्या पाण्याचं, आणि दर कडव्याला एका बाईला मारलेली हाक. शब्द इतके सहज येत होते की हे आज सुचलेलं नाही, वर्षानुवर्षं चालत आलंय, हे कुणालाही कळलं असतं. भरलेल्या हॉटेलात, ताटांच्या आवाजात, कुणाला ऐकू न जाता. आणि चौदा वर्षं केतकी त्यांच्या समोर बसली होती, पण तिने बघितले होते ते फक्त त्यांचे हात.

अनीसने रेकॉर्डिंगच्या बटणाकडे बोट नेलं. तिने मान हलवून नको म्हटलं. मग हात पुढे करून पाचव्या माइकचा आवाज तिने स्वतःच अगदी खाली आणला. आत पियानो चालू राहिला.

तो संपल्यावर ती आत गेली. "सर, काल मी जे..."

"बस बस," सर उठत म्हणाले. "एसी बंद आहे, इकडे माझा जीव चाललाय. वाजव लवकर."

ती बसली, आणि तिने 'अकरा' वाजवलं. तिसरा भाग न घेता, एकदाच.

अल्बममध्ये शेवटी आठच तुकडे राहिले. ते फिरवलेलं पॉप गाणं गेलं, बाकीची तीन राहिली. पहिल्या जागी दवाखान्यातला तुकडा आला, अजून बिननावाचाच. आणि प्रत्येक गाण्याखाली ते ज्याने रचलं त्याचं नाव, सारख्याच अक्षरांत.

आज तुम्ही जे काम हातात घ्याल, ते करताना तोंड आपल्याशीच काय पुटपुटतंय, तेवढं एकदा ऐकून बघा.